सम, कट आणि पश्चिमेचा समुद्र

डिसेंबरातली संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. पणजीच्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूवर, गाण्याच्या व्हिडिओसाठी, गायक समुद्राकडे पाठ करून उभा आहे. कॅमेरा त्याच्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे बघतोय. सूर्य त्याच्या पाठीशी. चेहरा काळपट, केसांच्या आणि खांद्यांच्या कडा तेवढ्या सोनेरी. गाण्याचा पहिला स्वरसुद्धा लागलेला नाही, पण बघणाऱ्याच्या मनाने ठरवून टाकलंय की हे कुणाच्या तरी जाण्याचं गाणं. आता हाच माणूस, हीच जागा, हेच कपडे, फक्त वेळ सकाळी आठची. सूर्य पूर्वेकडून वर आलेला, कॅमेऱ्याच्या मागे. चेहऱ्यावर सरळ उजेड, डोळे थोडे मिटमिटलेले, पाठीमागे निळा समुद्र. झालं, सुट्टीचं गाणं. शब्द आणि चाल तीच ठेवली तरी ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येते.

गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे, त्यामुळे इथल्या समुद्राच्या पार्श्वभूमीवरचं कुठलंही गाणं या दोन उजेडांपैकी एकाच्या पदरात पडतं. ज्याने शूटिंगची वेळ ठरवली त्याने गाण्याचा भावही निम्मा ठरवला. आणि ती वेळ पुष्कळदा कवितेकडे बघून ठरलेली नसते. गाडी उशिरा पोचली, मेकअप लांबला, म्हणून आनंदाच्या गाण्याला संध्याकाळ मिळते. मग एडिटिंगला बसल्यावर काळवंडलेले चेहरे उजळ करायची धडपड सुरू होते आणि चेहरा राखाडी, दाणेदार होतो.

संध्याकाळचा हिशोब सोपा आहे. सूर्य तासाला साधारण पंधरा अंश सरकतो आणि आपल्याकडे तो बराचसा उभाच खाली उतरतो, म्हणजे क्षितिजावरच्या शेवटच्या दहा अंशांना चाळीसेक मिनिटं. चार मिनिटांचं गाणं, प्रत्येक फेरीनंतर जागेवर परत यायला, केस सारखे करायला दोन मिनिटं. सहा, फार तर सात फेऱ्या. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत अंधार. युरोपातल्या व्हिडिओत दिसतो तसा लांबत जाणारा संधिप्रकाश आपल्या अक्षांशावर मिळत नाही. हे गणित न मांडता गेलेल्यांचा मुखडा नारिंगी आणि दुसरा अंतरा निळसर येतो. कवितेत वेळ सरकत असेल तर ते खपून जातं, शोभतंसुद्धा. नसेल तर बघणाऱ्याला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण गाणं मध्येच तुटल्यासारखं वाटतं. भरती-ओहोटीचंही तेच. ओहोटीला ओली वाळू आरशासारखी आभाळ दाखवते, सहा तासांनी तीच जागा पाण्याखाली असते. पहिल्या फेरीतली पावलांची रांग तिसऱ्या फेरीत पुसलेली असते आणि कट जोडला की माणूस उडत आल्यासारखा दिसतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला तर दुपारी सूर्य इथे अगदी माथ्यावर येतो. सावली पायाखाली, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. त्या वेळी क्लोज-अप घेऊ नये. घ्यायचाच तर माडाच्या झापांखाली घ्यावा, पण तिथे पानांचा हिरवा उजेड कातडीवर चढतो आणि गायक आजारी दिसतो. पायाशी पांढरी चादर अंथरली तर हनुवटीखालून स्वच्छ उजेड मिळतो. तांबड्या चिऱ्यांच्या भिंतीजवळ उभं केलं तर चेहरा आपसूक उबदार दिसतो. गोव्यातला हा सगळ्यात स्वस्त रिफ्लेक्टर.

हे झालं उजेडाचं. पण व्हिडिओ गाण्याशी बोलतो तो मुख्यतः कटातून, म्हणजे एक चित्र तोडून दुसरं जोडण्यातून. इथे मराठी कानाला एक मोठी सोय आहे. नाट्यसंगीतावर आणि भजनावर पोसलेल्या माणसाला सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, समजावून सांगावी लागत नाही. तबलजी आवर्तन पुरं करून समेवर आला की मान आपोआप हलते. व्हिडिओ बघताना हाच कान डोळ्यांना लावायचा: सम कुठे पडली आणि चित्र कुठे बदललं?

चित्र बरोबर समेवर बदललं तर पोचल्याचा आनंद मिळतो. समेच्या अर्धी मात्रा आधी बदललं तर गाणं पुढे ढकलल्यासारखं वाटतं, घाई येते. सम येऊन गेली, मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं चालू आहे, आणि चित्र मुद्दाम बदललंच नाही, तर आपण त्या चेहऱ्यावर अडकून राहतो. दुःखाची गाणी याच अडकण्यावर उभी असतात. आणि प्रत्येक मात्रेला कट मारला तर चार आवर्तनांनंतर डोळे त्या कटांकडे लक्षच देत नाहीत, घड्याळाच्या टिकटिकीसारखं होतं. खाली म्हणजे तालातली बिनभाराची जागा; तिचा उपयोग करणारे फार थोडे. तबल्यात खालीला डग्ग्याचा घुमारा काढून घेतात, भार हलका होतो. चित्रातही ती जागा असते: रिकामं अंगण, पाठमोरी आकृती, कुणीच नसलेला धक्का. तिथे चेहरा नको. समेला चेहरा आणला की तो दुप्पट वजनाने येतो.

याचं मोजमाप करता येतं आणि करावं. भारतात व्हिडिओ बहुधा सेकंदाला २५ फ्रेम्सने, म्हणजे २५ स्थिर चित्रांनी, करतात. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एका मात्रेला नेमक्या १५ फ्रेम्स. ७५ असेल तर २०. १२० असेल तर साडेबारा, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही; मग एक कट १२ वर, पुढचा १३ वर घ्यावा लागतो. हे न जाणता सगळे कट बारा-बारावर लावले तर दर दोन मात्रांना एक फ्रेम चुकते, सोळा मात्रांत आठ, म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गाणं एकीकडे, चित्र दुसरीकडे. बरेच संकलक कट समेच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतात, कारण नवं चित्र डोळ्यांत भरायला क्षणभर लागतो. ठोका पडेपर्यंत ते भरलेलं असतं. आणि कधी कधी कट लागतच नाही. चालणाऱ्याचं पाऊल, होडीचा धक्का, रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा एकत्र हिसका समेवर पडला तर कटापेक्षा ते जास्त जोरकस. फुगडीत हे जन्मजातच असतं: वाकण्याची आणि ‘फू’ची जागा तालाने आधीच ठरवलेली आहे. तिथे संकलकाने कात्री आवरावी, पूर्ण फेरी दिसू द्यावी.

एखादा व्हिडिओ खरोखर वाचायचा असेल तर तो एका बैठकीत तीनदा बघावा. पहिल्यांदा आवाज बंद. दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त गाणं. या दोन फेऱ्यांत काय भाव आला ते एकेका वाक्यात लिहून ठेवायचं. दोन वाक्यं जुळली नाहीत तर खरा मजकूर तिथेच आहे. तिसऱ्यांदा कागद घेऊन. कागदावर पाच उभे रकाने: वेळ, गाण्यातली जागा म्हणजे मुखडा, अंतरा की वाद्यांचा तुकडा, शॉट किती जवळचा, कोण कुठे बघतंय, आणि कट समेवर की बाहेर. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे जाते. वेग पाव पटीवरही आणता येतो. चार मिनिटांच्या गाण्यात ९६ शॉट निघाले तर सरासरी अडीच सेकंदांचा शॉट. पण सरासरीवर थांबू नये. मुखड्यात दीड सेकंद आणि अंतऱ्यात सहा सेकंद असा फरक दिसला तर संकलकाने चाल समजून घेतली आहे. सगळीकडे अडीचच असेल तर त्याने फक्त जागा भरली आहे. या कामाला दीड-दोन तास जातात, त्याला जवळची वाट नाही.

शब्द आणि चित्र यांचं नातंही याच कागदावर दिसतं. शब्दांत पाऊस, चित्रात पाऊस: चित्र शब्दांची सावली झालं. शब्दांत पाऊस, चित्रात कोरडी पडलेली नळ्यांची कौलं आणि त्यांच्याकडे बघणारी म्हातारी: चित्राने शब्दांत भर घातली. शब्दांत ‘तू येशील’, आणि चित्रात नदीपलीकडे बेतीला गाड्या उतरवून रिकामी परत निघालेली फेरीबोट: चित्राने शब्द खोडले, आता गाणारा स्वतःची समजूत घालतो आहे हे फक्त आपल्याला कळतं. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण. तीन-चार ओळी तसं टिकवलं तर गाण्याला खोली येते; गाणंभर केलं तर बघणारा शब्द ऐकणंच सोडतो.

गाण्याची रचनाच चित्र करून दाखवण्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९९७ चं आहे. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीच्या ‘अराउंड द वर्ल्ड’साठी मिशेल गोंद्री या दिग्दर्शकाने गोल चौथऱ्यावर नाचणाऱ्यांचे पाच गट ठेवले आणि प्रत्येक गटाला एकेक वाद्य दिलं. यंत्रमानव म्हणजे यंत्रातून गाळलेला गाणारा आवाज, उंच खेळाडू म्हणजे बास (खर्जातले स्वर), सांगाडे म्हणजे गिटार, पट्ट्या गुंडाळलेल्या ममी म्हणजे तालयंत्र, आणि पोहण्याच्या कपड्यांतल्या मुली म्हणजे सिंथेसायझर. बासचे स्वर चढले की खेळाडू पायऱ्या चढतात, उतरले की उतरतात. ज्याला बास वेगळा ऐकू येत नाही त्यालाही तो इथे दिसतो. गाणारे दोघे व्हिडिओत कुठेच नाहीत, आणि ते नसणं हीच त्यांची ओळख होऊन बसली.

याच गोंद्रीने २००२ मध्ये केमिकल ब्रदर्स या इंग्लिश जोडगोळीच्या ‘स्टार गिटार’साठी आगगाडीच्या खिडकीतला देखावा घेतला. खांब, इमारती, पूल एकेका ठोक्याशी नेमके येतात. दक्षिण फ्रान्समधल्या एकाच मार्गाचं चित्रण पुन्हा पुन्हा करून, तुकडे बेमालूम जोडून ते साधलं. कोकण रेल्वेने पेडण्याहून काणकोणपर्यंत जाणाऱ्याने खिडकीशी बसून हा प्रयोग डोळ्यांनी करून बघावा. विजेचे खांब मात्रा मोजतात, जुवारीचा पूल द्रुत लय, आणि बोगदा म्हणजे खाली. बोगद्यातून बाहेर पडताना जो हिरवा उजेड अंगावर येतो त्या जागी समेचा स्वर ठेवला तर वेगळी कल्पना शोधावी लागणार नाही.

आता ओठांकडे. गाण्याच्या व्हिडिओत सर्वांत जास्त घोळ इथे होतो, आणि समुद्रकिनाऱ्यावर तर हमखास. आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. स्पीकर गायकापासून ३५ मीटरांवर ठेवला तर गाणं त्याच्या कानापर्यंत दशांश सेकंद उशिरा पोचतं, म्हणजे अडीच फ्रेम. तो त्याप्रमाणे ओठ हलवणार. मग एडिटिंगमध्ये आवाज ओठांच्या पुढे धावतो, आणि आपल्याला हीच चूक लवकर टोचते: आवाज पुढे गेला तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच कळतं, मागे राहिला तर सव्वाशेपर्यंत चालून जातं. लांब उभ्या असलेल्या माणसाचा आवाज मागून येणं ही रोजची सवय. ओठांआधी आवाज मात्र निसर्गात कधीच येत नाही. म्हणून स्पीकर गायकाच्या जवळ, फ्रेमच्या अगदी बाहेर ठेवावा. लाटांत आणि वाऱ्यात ऐकू येत नसेल तर कानात तारेचा छोटा इअरफोन घालून तार कपड्यांतून न्यावी. बिनतारी ब्लूटूथ नको: तो स्वतःच उशीर करतो आणि तो उशीर कॅमेऱ्याच्या आवाजात नोंदला जात नाही, मग कितीने सरकवायचं तेच कळत नाही. गाण्याच्या आधी लयीत चार टकटक ठोके घालून ठेवावेत, म्हणजे पहिला शब्द चुकत नाही.

जुळणी तपासायची तर पवर्ग बघावा. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. ‘पाऊस’, ‘पुन्हा’ अशा शब्दांच्या सुरुवातीला ओठ मिटलेली फ्रेम आणि आवाजातली बारीक शांतता एकाच जागी असली पाहिजे. ‘आ’वर जुळणी तपासणं व्यर्थ आहे, तिथे सगळं जुळल्यासारखंच दिसतं. मोबाइलवर शूट केलं असेल तर आणखी एक दुखणं: मोबाइल फ्रेम्सचा वेग उजेडाप्रमाणे थोडा कमीजास्त करतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ तिसऱ्या मिनिटाला सरकलेले असतात. आधी ती फाइल ठराविक वेगाची करून घ्यावी, मगच कात्री लावावी.

आणि गायकाला खरोखर मोठ्याने गायला लावावं. नुसते ओठ हलवणाऱ्याची मान सैल असते, गळ्याची शीर ताणलेली नसते, ओळीच्या आधी छाती वर येत नाही. अभिषेकीबुवांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या मैफिली पुढे बसून ऐकलेल्या प्रदेशात हे लपत नाही. तान घेताना श्वास कुठे तुटतो ते इथल्या प्रेक्षकाला माहीत असतं.

ओठ बरोबर आणि बाकी जग संथ, ही जादूही हिशोबाचीच. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २००० सालच्या ‘यलो’मध्ये गायक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पावसाने भिजलेल्या वाळूवरून एकाच सलग शॉटमध्ये चालत येतो. चित्रण सेकंदाला ५० फ्रेम्सनी झालं आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवून त्याला दुप्पट वेगाने गायला लावलं. नंतर २५ ने दाखवल्यावर ओठ गाण्याशी जुळले. केस, लाटा, जाकीट मात्र स्वप्नातल्यासारखे. किनारा करड्या रंगाचा, आभाळ फुटतंय न फुटतंय, आणि तरी ते दुःखाचं गाणं वाटत नाही, कारण चाल पुढे येणारी आहे आणि तो आपल्याकडे बघून हसतो. गोव्यात हे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: दुप्पट वेगाने मराठी जोडाक्षरं तोंडात बसत नाहीत. सव्वापटीने सुरुवात करावी, ३० फ्रेम्सने घेऊन २४ ने दाखवावं. स्वप्न थोडं कमी पडेल, पण शब्द शाबूत राहतील.

कलाकाराची प्रतिमा कशातून बनते याचा शोधही त्याच रकान्यांत लागतो, विशेषतः चौथ्या. गायक भिंगात बघतो तेव्हा तो आपल्याला सांगतो आहे. बाजूला बघतो तेव्हा आपण चोरून ऐकतो आहोत. पूर्ण मुखडा बाजूला बघून शेवटच्या ओळीला भिंगात बघणं हा साधा डाव, पण फार खोल जातो. कॅमेरा छातीच्या खाली गेला की माणूस मोठा होतो, डोळ्यांच्या वर गेला की लहान. रॅप गाणारे खालून आणि आईवरची गाणी गाणारे वरून का दिसतात ते यातून उमगतं. चेहरा पहिल्यांदा कितव्या सेकंदाला दिसला तेही लिहावं. नव्या गायकाचा चेहरा कंपनीला पाच सेकंदांत हवा असतो. ज्याचं नाव झालेलं आहे त्याचे आधी हात, मग पाठ, मग चेहरा. या उशिरालाच मान म्हणतात.

१९९० मध्ये शिनेड ओकॉनर या आयरिश गायिकेच्या ‘नथिंग कंपेअर्स टू यू’मध्ये जॉन मेबरी या दिग्दर्शकाने जवळजवळ सगळं गाणं काळ्या पार्श्वभूमीवरच्या एका चेहऱ्यावर सोपवलं. मुंडण केलेलं डोकं, भिंगावर रोखलेले डोळे. शेवटाकडे, आईचा उल्लेख येतो त्या ओळीशी तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. अधूनमधून पॅरिसच्या एका उद्यानातले चालण्याचे शॉट आहेत, पण आठवतो तो चेहराच. कट जवळजवळ नाहीत म्हणून अश्रू ही त्या गाण्याची सम होऊन बसली. आपल्याकडे गायिकेला असा वेळ देत नाहीत. कागदावर मोजून बघा: ती गात असताना पडद्यावर तिचा पूर्ण चेहरा किती सेकंद आहे, आणि कंबर, पैंजण, ओठ असे तुकडे किती. तुकडे जास्त भरले तर तो व्हिडिओ तिच्या गळ्याचा राहिलेला नाही, मग वर तिचं नाव कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव तर व्हिडिओखालच्या मजकुरात दडपलेलं असतं. भावगीताच्या काळात रेडिओ निवेदक तिन्ही नावं घेऊन मगच गाणं लावायचा. ती तीन सेकंदं पडद्यावर द्यायला काय हरकत आहे?

प्रतिमा जागेचीही असते. हिंदी पडद्याने गोव्याला टोपी, बाटली, फ्रॉक आणि पांढरं चर्च एवढ्यात बसवलं. ‘हांव सायबा पलतडी वैता’ या देखणीची (देखणी हा गोव्यातला नाचगाण्याचा प्रकार) चाल १९७३ मध्ये ‘बॉबी’त गेली आणि देशभर पोचली, पण दामूच्या लग्नाला निघालेल्या, नावाड्याला पैलतीरी नेण्यासाठी विनवणाऱ्या कलावंतिणी त्या प्रवासात मागेच राहिल्या. मांडो या गोव्यातल्या नाचगाण्यातला पानो-बाजू हा पोशाख, हातातला पंखा, अंतर राखून चालणारी संथ पावलं यांची जागा धावपळीच्या नाचाने घेतली. पर्र्याचा माडांचा रस्ता आणि पणजीतल्या फोंताइन्हासच्या पिवळ्या-निळ्या भिंती आता इतक्यांनी वापरल्या आहेत की तिथे उभं राहिलं की दुसऱ्याच कुणाचं गाणं आठवतं. शिवाय फोंताइन्हासमध्ये माणसं राहतात. सकाळी सात वाजता दारात स्पीकर लावणं हा त्यांना उपद्रव आहे, आणि त्या पिवळ्या भिंतीचा रंग गालांवर उतरून गायक कावीळ झाल्यासारखा दिसतो तो वेगळाच.

मराठीत गाणारा गोवा फोंड्याच्या, पेडण्याच्या, डिचोलीच्या, सत्तरीच्या अंगाने दिसायला हवा असं वाटतं. पण तिथेही तयार साचा टपलेला आहे. तुळशीवृंदावन, नऊवारी, निरांजन, मंगेशीचा सातमजली दीपस्तंभ, आणि संथ गतीने उडालेला गुलाल. हा साचा टोपी-बाटलीइतकाच आळशी आहे. त्यापेक्षा चवथीच्या आदल्या दिवशीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बघा: सुपाऱ्यांचे घड, नारळांचा घोस, रानातली फळं, काकडी, तोरिंगण, आणि स्टुलावर चढून ती बांधणाऱ्याचे हात. एक वस्तू बांधायला एक आवर्तन. गाणं संपेपर्यंत माटोळी भरलेली असते आणि वेगळी गोष्ट सांगावी लागत नाही.

घुमट या तालवाद्याबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला आणि तेव्हापासून ते पडद्यावर जास्त दिसतं, पण बहुतेकदा चुकीचं. मातीचं भांडं, दोन तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डावा हात उघड्या तोंडावर झाकून-उघडून घुमारा बदलायचा. सगळी गंमत डाव्या हातात आहे, आणि कॅमेरा सारखा उजव्याकडे. डाव्या हाताचा क्लोज-अप घेतला तर ‘घुं’ कुठून येतो ते पहिल्यांदा दिसेल. दुसरी चूक: चित्रात घुमट, आवाजात ढोलकीचा आधीच रेकॉर्ड केलेला तुकडा. गावातलं शेंबडं पोरही हे ओळखतं. तिसरी: घुमट-आरतीला संथ गतीत दाखवणं. आरतीची लय चढत जाते, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळं म्हणजे झांजा तिला हाकत नेतात. तिथे हात संथ दाखवले की ठोका आणि हात यांचा संबंध तुटतो आणि एवढा दणका कुठून आला ते कळत नाही. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. जुनं, घरात टांगलेलं घोरपडीचं घुमट हौसेने पडद्यावर आणू नये.

देवळात किंवा मंडपात शूट करताना दिव्यांच्या माळा दगा देतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॅमेरा ३० फ्रेम्सवर आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यावर असेल तर पडद्यावर पट्टे सरकायला लागतात, आणि ते पट्टे गाण्याच्या लयीशी भांडतात. २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवलं की बहुतेक वेळा थांबतं.

पावसाचंही एक. गोव्यातला जूनचा पाऊस डोळ्यांना धो धो दिसतो, पण समोरून उजेड असेल तर कॅमेऱ्याला थेंब दिसतच नाहीत. गायक नुसता ओला दिसतो. थेंबांच्या मागून उजेड आणि त्याही मागे काहीतरी गडद हवं: काळं दार, वडाचं खोड, ओला चिरा. फेरीबोटीवर कॅमेरा तिपाईवर लावू नये, इंजिनाची थरथर डेकमधून चढते आणि चित्र गुरगुरतं. हातात धरून गुडघे सैल ठेवले की शरीर ती पिऊन टाकतं. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. रात्रीचे दिवे आणि स्पीकर तिथे न्यायचेच नाहीत.

मोबाइलच्या उभ्या पडद्याने एवढंच बदललं की दोन्ही बाजूंचा समुद्र गेला आणि चेहरा उरला. आडव्या चित्रातून नंतर उभा तुकडा काढायचा असेल तर गायक मध्यावरच्या एका तृतीयांशात ठेवून शूट करावं, नाहीतर त्याचा एक कान आणि अर्धी बोट हाती लागते.

कागदावर शेवटची ओळ लिहायची ती गाणं संपतं त्या जागेची. स्वर आधी विरतो की चित्र? गायक भिंगावरची नजर शेवटच्या स्वराआधी काढतो की नंतर? बहुतेक व्हिडिओ शेवटच्या ठोक्याला काळे होतात आणि लगेच कंपनीचं चिन्ह येतं. त्याऐवजी शूटिंगच्या वेळी गाणं संपल्यावर कॅमेरा आणखी वीस सेकंद चालू ठेवावा आणि कुणी ‘कट’ म्हणून ओरडू नये. गायकाला वाटतं काम झालं, खांदे उतरतात, तो मागे वळून पाण्याकडे बघतो. त्या वीस सेकंदांतले चार उचलावेत, गाण्याचा आवाज पूर्ण काढावा, आणि लाटेचा खरा आवाज तेवढा ठेवावा.